मोजणीबाहेरचा महिना

भोकरदनात कोणत्या जावयाची सासरी काय किंमत आहे, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. यात माझी हुशारी काही नाही. दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो, लग्नं बंद पडतात, आणि आता मशीनवर माशा मारत बसायची वेळ आली असं वाटतं तोवर जावई सुरू होतात. सासरवाडीला पुरणाचे धोंडे खाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आहेराचं कापड काखेत मारून माझ्या दुकानात हजर. कापडाला नुसता अंगठा लावला की सांगतो, सासऱ्यानं जीव लावलाय की जीव सोडवलाय. एकाला तर इतकं विरविरीत कापड मिळालं होतं की मी त्याला म्हणालो, "याचा शर्ट शिवून घेऊ नको, चहा गाळायला घरी ने." तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं, ते वेगळंच.

काकासाहेब माझ्या वर्गातला. बसस्टँडजवळ त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि गावाबाहेर चौदा एकर कोरडवाहू. तो मला मास्तर म्हणतो, कारण मी टेलर मास्तर. मी त्याला काय काय म्हणत आलो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचं वजन एकशे चार किलो होतं आणि कंबर शेहेचाळीस इंच. एवढ्या मापाला टेप लावायची म्हणजे मला त्याच्याभोवती फिरून यावं लागायचं. "तुझ्या एका पॅन्टीच्या कापडात माझ्या दोन खिडक्यांचे पडदे होतेत," हे मी त्याला चारचौघांत सांगायचो आणि तोही पोट हलवून हसायचा. एका बैठकीत अकरा पुरणपोळ्या खाणारा माणूस तो. मोजणारा मीच होतो.

त्याला एकच मुलगी, भावना. लहानपणी माझ्या दुकानात चिंध्या गोळा करायला यायची, मला चाचा म्हणायची. शिकली, संभाजीनगरला तिनं लोकांना काय खावं, काय खाऊ नये हे सांगायचा दवाखाना टाकला. मी म्हणालो, "काकासाहेब, देवाचा न्याय बघ. तुझ्या पोटी ही!" चार वर्षांपूर्वी तिनं तिथंच रामप्रसादशी लग्न केलं. पोरगा औषधाच्या दुकानात कामाला. तंबाखू नाही, दारू नाही, बोलायला मऊ. जातीतला नव्हता, एवढंच. काकासाहेबानं आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं बोलणं बंद केलं. बायको, म्हणजे आमची नंदावहिनी, लेकीशी चोरून बोलायची. गेल्या खेपेला धोंड्याचा महिना आला तेव्हा अख्ख्या गल्लीतले जावई माझ्याकडं मापं देऊन गेले, हा एक जावई सोडून. त्याला बोलावणंच नव्हतं.

मग काकासाहेबाचे गुडघे बोलायला लागले. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, साखर काठावर आहे, वीस किलो उतरवा नाही तर पुढच्या वर्षी काठी घेऊन या. वहिनीनं हे लेकीच्या कानावर घातलं असणार. एके दिवशी काकासाहेब दुकानात आला, शिवायला ठेवलेल्या कपड्यांवरच बसला आणि माझ्यापुढं मोबाईल धरला. मेसेज होता : "आबा, दिवसभरात तोंडात जे जाईल ते रोज संध्याकाळी लिहून पाठवा. मी भावना."

"'मी भावना' कशापायी लिव्हलं आसंल?" तो म्हणाला. "मला काय नंबर ओळखू येत न्हाई?"

नंबर त्यानं कधी पुसलाच नव्हता. मी तेवढं बोललो नाही. कधीमधी मी गप्पही बसतो.

उत्तर द्यायला त्यानं चार दिवस घेतले. चौथ्या दिवशी लिहिलं, "एक भाकरी." एवढंच. लगेच जबाब आला : "एका भाकरीवर तुमची पॅन्ट कमरेला राहिली नसती. खरं लिहा." काकासाहेब जो हसला, जो हसला, की डोळे पुसायला माझ्याकडं मापाला आलेलं झंपर उचललं.

तिथून ते रोजचं झालं. सकाळी बिनसाखरेचा चहा. दोन भाकरी, शेपू. दुपारी ताक. तिकडून यायचं, तेल किती? भाकरी केवढी, आईची की हॉटेलची? दाण्याचं कूट कशाला? पोरगी असं झापायची की मी ऐकत राहावं. एकदा यानं रामप्रहरी सात भजी खाऊन तीन लिहिली. आईनं चहाडी केली. पोरीनं लिहिलं, "उरलेली चार कुठं गेली, खिशात?" तो आठवडाभर ते वाक्य सगळ्यांना दाखवत फिरला, जसं काही कलेक्टरचं पत्र आलंय.

एरवी दोघं एक अक्षर बोलत नव्हते. फोन नाही, येणं-जाणं नाही. पण मी शिंपी आहे, अस्तराच्या आतलं मला दिसतं. हळूहळू जेवणाच्या यादीत दुसरं काहीतरी मिसळायला लागलं होतं. काकासाहेब लिहायचा, "दुपारी अर्धीच भाकरी. जेवण गेलं न्हाई. वाऱ्यानं बांधावरचा लिंब पडला." तिकडून विचारणा व्हायची, "कोणता? झोक्याचा?" हा लिहायचा, "हो. संध्याकाळी वरणभात." एकदा तिनं लिहिलं, "मीही आज जेवले नाही, ताप आहे." त्या दिवशी यानं सहा वेळा यादी पाठवली. चहा प्यायला तरी पाठवली, पाणी प्यायला तरी पाठवली. दर वेळी खाली, "ताप किती?" माणसाला लेकीची तब्येत विचारायची तर त्यासाठी आधी काहीतरी खावं लागत होतं!

दीड वर्षात तेरा किलो उतरले. एकशे चारचे एक्क्याण्णव. मी चारदा त्याच्या पॅन्टी आत घेतल्या. "असाच राह्यला तर तुझ्या जुन्या पॅन्टीत तुम्ही दोघं नवरा-बायको मावताल," मी म्हणालो. लोकांना वाटायचं काकासाहेबाला बारीक व्हायचंय. त्याला बारीक व्हायचं नव्हतं. त्याला संध्याकाळी सातचा मेसेज पाहिजे होता.

आणि यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. तोही भर मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत.

महिना लागायच्या आधी नंदावहिनी दुकानात आली. पदराखालून पिशवी काढली. आत पॅन्ट-शर्टाचं कापड, निळसर, एकदम उंची. मी अंगठा लावला आणि वहिनीकडं बघितलं.

"अलीमभाऊ, हे ठिवा तुमच्यापशी. कापू नका अजून."

"कोणाचं?"

"जावयाचं," ती म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "माप भावना धाडील. ह्यांनी एकदा तोंडानं 'या' म्हनलं की बास. मला वाटतं यंदा म्हनतील. पोरगीबी वाट बघून राह्यली. पन ह्यांना मी काई म्हनले तर उलटं व्हतं. तुम्ही तेवढं बोलता बोलता सुचवा. तुमचं ऐकतेत ते."

मी म्हणालो, "वहिनी, बिलकुल काळजी करू नका." पिशवी माझ्या पाठीमागच्या कपाटात ठेवली.

महिना लागला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत होतं, दुकानात कूलरपुढं पाच-सहा रिकामी माणसं बसलेली. काकासाहेब आला. चेहरा असा की परीक्षेचा पेपर हातात पडलाय. मोबाईल माझ्यापुढं धरला. भावनानं लिहिलं होतं : "रस वाटीभर चालेल. धोंडा एकच खायचा. घरी कधी करणार आहात?"

अठरा महिन्यांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर भाकरी नव्हतं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "हिला बोलवावं लागतंय आता."

"मंग बोलव."

"दोघांना?"

"न्हाई, अर्ध्या जावयाला बोलव."

कूलरपुढची माणसं हसली. इथं मी थांबायला पाहिजे होतं.

"भावकी काय म्हनंल रं? पाय धुवावे लागतेत जावयाचे. चौघात." तो बोटानं स्क्रीन पुसत राहिला. "न बोलवावं तर पोरगी काय समजंल. काय लिव्हू सांग. तू म्हनशीन तसं लिव्हतो."

तो मला खरंच विचारत होता. त्याचं मन काठावर आलं होतं, एक बोट लावलं असतं तर अलीकडं पडलं असतं. कपाट माझ्या पाठीला लागून होतं. वहिनीला दिलेला शब्द तोंडात होता. पण समोर पाच-सहा माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसली होती, आता मास्तर काय म्हणतो म्हणून. आणि मला, या वयातही, लोक हसायला थांबलेले दिसले की राहवत नाही.

मी म्हणालो, "काकासाहेब, तू आधी हा महिना धरायचा का न्हाई ते ठरव. आमच्यात तर असला जास्तीचा महिना नसतोच. तुमच्यात हाये, पन त्यात लग्न न्हाई, मुहूर्त न्हाई, काई न्हाई. जो महिना अर्ध्या गावाच्या कॅलेंडरात न्हाई आन राह्यलेल्या अर्ध्या गावाच्या मुहूर्तात धरत न्हाईत, त्यात खाल्लेला धोंडा तू यादीत कसा काय धरतो? हा महिनाच मोजणीबाहेर. लिव्हायची सुट्टी घे. खा बिनधास्त. पोट फक्त बारा महिन्यांचं मोजतेत."

काय हशा उठला! एकानं टाळी दिली. काकासाहेबही हसला, पण त्याच्या हसण्यात मला सुटका दिसली. भर उन्हात पायी निघालेल्या माणसाजवळ कोणी मोटरसायकल थांबवावी तशी. उत्तर देणंच नको. हो नको, नाही नको. तिथंच बसून त्यानं एका बोटानं टाईप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं : "महिनाभर लिव्हणं बंद. सुट्टी घेतली. हा महिना मोजत न्हाईत. वाटूरला तुझ्या मामांनी मला धोंड्याला बोलावलंय."

शेवटचं वाक्य त्यानं स्वतःच्या मनानं घातलं. ते मी सुचवलं नव्हतं, हे सांगतो खरं, पण सांगून काही फायदा नाही. पोरगी विचारते माझ्या नवऱ्याला जावई म्हणून कधी बोलावता, आणि बाप कळवतो की मी जावई म्हणून जेवायला चाललोय.

जबाब आला : "ठीक आहे."

"बघ! परवानगी भेटली," काकासाहेब म्हणाला.

चार भज्यांचा जाब विचारणारी पोरगी 'ठीक आहे' लिहिते, तेव्हा ते ठीक नसतं. ते मला तेव्हा दिसलं नाही, मी टाळ्या घेत होतो. सगळे गेल्यावर पडद्याआडून माझ्या बायकोचा, अकबरबीचा आवाज आला, "तुमारी जबान कैंची से जल्दी चलती."

वाटूरला काकासाहेबाचे तीन मेहुणे, तिघांची घरं वेगवेगळी. तिन्हीकडं धोंडे, तिन्हीकडं रस, वर तुपाची धार. आल्यावर मला वर्णन करून सांगत होता. पहिल्या घरी दहा धोंडे, दुसऱ्या घरी आठ, तिसरीकडं तर मेहुण्याच्या बायकोनं ताटावरचा हात धरून वाढलं. "मास्तर, दीड वर्षानं पोटभर जेवलो." मी विचारलं, मग मजा आली का? तो म्हणाला, "सात वाजले की हात खिशात जाई. मोबाईल काढून बघू, मंग आठवे, सुट्टी हाये." त्यानंतर त्यानं विषय बदलला आणि कापसाच्या बियाण्याचं काहीतरी सांगत बसला.

महिना संपत आला तशी वहिनी आली. पिशवी मागितली.

"राहू द्या की वहिनी, अजून चार दिवस हायेत."

"चार दिवसांत काय व्हनार, अलीमभाऊ? माप तर आलं न्हाई." तिनं मला काही विचारलं नाही. मी सुचवलं का, काय बोललो, काहीच नाही. तिला कळलं होतं, गावात काय लपतं? कापड तिनं वाटूरच्या भाच्याला देऊन टाकलं.

अमावास्या झाली, चांगला मोजणीतला महिना लागला. काकासाहेब सकाळीच दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहून आला होता. सत्त्याण्णव. सहा किलो एका महिन्यात. पॅन्टीचं वरचं बटण उघडं ठेवून, वर शर्ट सोडून आला. पण खुशीत होता. "आज झाप बसनार," म्हणाला. "मंग बसू दे. मी खरं खरं लिव्हलं, सत्त्याण्णव." आणि संध्याकाळी सातला माझ्या दुकानातच येऊन बसला. मला दाखवायला, पोरगी कशी बोलते ते.

सात वाजून गेले. साडेसातला मोबाईल वाजला. नंबर अनोळखी. त्यानं माझ्याकडं दिला, त्याच्या चष्म्यातून नीट दिसत नव्हतं म्हणाला. मी वाचलं :

"नमस्कार काकासाहेब सर. मी शीतल, भावना मॅडमच्या क्लिनिकमधून. आजपासून तुमचा रोजचा आहार मी बघणार आहे. सोबतचा फॉर्म कृपया भरून पाठवा."

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं.

"चुकून आला आसंल."

मी म्हणालो, "फोन लाव तिला." चार वर्षांत त्यानं तो नंबर कधी लावला नव्हता. लावला. तिनं उचलला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, बोला."

"ती शीतल का कोन... मला मेसेज आला."

"हो. चांगली आहे ती. तीच बघते सगळ्या पेशंटांचं."

"तू बघत व्हती ना माझं?"

"बघत होते. आबा, मीपण जरा सुट्टी घेते आता."

"किती दिवसांची?"

"ते मोजलं नाही मी."

आणि मग, जे महिन्याआधी एका ओळीत लिहिता आलं असतं ते काकासाहेबानं अडखळत अडखळत म्हटलं, "मी काय म्हनतो... या की दोघं. आई धोंडे करील. रामप्रसादला..." त्या पोराचं नाव त्याच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आता कुठले धोंडे, आबा," ती म्हणाली. रागात नाही. रागात असती तर मला बरं वाटलं असतं. "महिना संपला ना. औषधं वेळेवर घ्या."

फोन ठेवल्यावर काकासाहेबानं तो फॉर्म उघडून माझ्यापुढं धरला. मग म्हणाला, भरून दे. मी भरत गेलो. नाव. वय, सहासष्ट. उंची, ती मला पाठ. आजार. मग एक प्रश्न होता : आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं? खाली चार घरं. जाहिरात. मित्र. नातेवाईक. इतर.

मी विचारलं, "काय लिहू?"

तो चष्मा पुसत बसला. मीही बोट तसंच धरून बसलो. मित्र म्हणून खूण करायची माझी लायकी नव्हती. शेवटी 'इतर'वर टेकवलं.

तेव्हापासून शीतल त्याचं बघते. पोरगी खरंच चांगली आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही. वेळच्या वेळी जबाब देते, शेवटी हसरं तोंड टाकते. "खूप छान सर!" "असंच चालू ठेवा!" वहिनी इमानदारीनं उकडून, मोजून वाढते. आता वजन शहाऐंशीवर आलंय, डॉक्टर खुश, गुडघे गप्प. मी पुन्हा पॅन्टी आत घेतोय. लोक माझ्या दुकानात येऊन विचारतात, काकासाहेबांनी कसं काय केलं हो? मी पूर्वीसारखा काहीतरी चावट जोडून सांगायचा प्रयत्न करतो. जमत नाही.

एकदोनदा मी भावनाला फोन केला. चूक माझी होती, तुझ्या बापाला मीच भरीस घातलं, असं सांगायला. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "चाचा, तुम्ही मस्करी केली. लिहिलं त्यांनी." पुढं अकबरबीची तब्येत विचारली आणि नमस्ते सांगा म्हणाली.

मागच्या आठवड्यात काकासाहेब दुकानात आला. कूलरपुढं कोणी नव्हतं. म्हणाला, "मास्तर, एक गंमत केली." गंमत हा शब्द त्यानं असा उच्चारला की मी मशीन थांबवली. त्यानं सकाळी यादीत लिहिलं होतं : बारा जिलब्या, पाव किलो बासुंदी, सहा वडे.

"खाल्ले?"

"कुठलं. एक भाकरी आन गवार खाल्ली."

"मंग?"

"मला वाटलं," तो म्हणाला, "येवढं वाचून ती पोरगी घाबरंल. मॅडमला जाऊन सांगंल. आन मॅडम..." त्यानं मोबाईल माझ्याकडं सरकवला.

शीतलनं लिहिलं होतं : "काही हरकत नाही सर. कधीतरी चालतं. मनावर घेऊ नका, उद्यापासून परत सुरू करू." पुढं हसरं तोंड.

"बारा जिलब्या, मास्तर," काकासाहेब म्हणाला. "आन कोनी रागावलं पन न्हाई."